कोलमडणारी रोपे आणि उपयुक्त जिवाणू

प्रश्न : रोपवाटिकेत बी चांगले उगवते, पण काही दिवसांतच रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात. उपयुक्त जिवाणूंची बीजप्रक्रिया केल्यास हे थांबेल का? त्यांनी वाढही जोमदार होते असे म्हणतात, ते कितपत खरे?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे रोपे कोलमडण्याच्या रोगाची दिसतात. पिथियमसारखे बुरशीसदृश जीव आणि रायझोक्टोनियासारख्या बुरशी कोवळ्या खोडाचा जमिनीलगतचा भाग कुजवतात. जिवाणूंचा येथे उपयोग होतो, परंतु तो रोग येण्यापूर्वी. आडवे झालेले रोप कोणताही जिवाणू पुन्हा उभे करीत नाही.

अंकुरणाऱ्या बियांतून आणि कोवळ्या मुळांतून शर्करा व अमिनो आम्ले पाझरतात, आणि त्यांच्या ओढीने रोगकारक जीव तेथे येतात. बियांवर आधीच स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स किंवा बॅसिलस सबटिलिस हा उपयुक्त जिवाणू असेल, तर हे अन्न आणि मुळांवरील जागा तो प्रथम व्यापतो. शिवाय स्यूडोमोनास सिडेरोफोर नावाची द्रव्ये सोडून मातीतील लोह स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे बुरशीला त्याचा तुटवडा जाणवतो. बॅसिलसच्या काही वाणांची इट्युरिनसारखी द्रव्ये बुरशीच्या पेशींची आवरणे फोडतात. मुळांवरील जिवाणूंमुळे रोपाची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही सजग होते आणि हा परिणाम पानांपर्यंत पोचतो.

वाढीचा दावा निराधार नाही, मात्र जाहिरातींतील भाषा थोडी कमी करूनच वाचावी. काही जिवाणू ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक तयार करतात, त्यामुळे उपमुळे वाढतात. काही मातीत अडकलेले स्फुरद विरघळवतात. तर काही जिवाणू, ताणाच्या काळात मुळांत वाढून त्यांची वाढ रोखणारे इथिलीन ज्यापासून बनते, तो पूर्वघटकच मोडून टाकतात. परिणाम किती दिसेल, हे जिवाणूचा वाण, माती, तापमान आणि ओलावा यांवर ठरते, म्हणून प्रथम काही वाफे प्रक्रियेविना ठेवून तुलना करावी, हे बरे.

निचरा न होणाऱ्या, दाट पेरलेल्या वाफ्यात मात्र जिवाणूंकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. पिथियमचे चलबीजाणू साचलेल्या पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात, आणि तेथे पाणी कमी करणे हाच पहिला उपाय होय.

प्रश्न : बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र वापरता येतात का?

उत्तर : एकाच द्रावणात मिसळू नयेत. ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि प्रतिजैविके जिवाणूंनाही मारतात. रासायनिक प्रक्रिया करणे आवश्यकच असेल, तर ती आधी करून बी सुकू द्यावे, जिवाणूंची प्रक्रिया सर्वांत शेवटी करावी, बी सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. जिवाणू संवर्धक (बीजप्रक्रियेसाठी तयार मिळणारे जिवाणू) घेताना अंतिम तारीख अवश्य पाहावी. बॅसिलस टणक, सुप्त बीजाणू बनवीत असल्याने कोरड्या भुकटीत बराच काळ टिकतो, स्यूडोमोनास मात्र बीजाणू बनवीत नसल्याने उष्णतेत आणि कोरडेपणात लवकर मरतो.