सासऱ्यांना विसर पडायला लागलाय, घरचे म्हणतात 'वय झालं'. एवढ्यात डॉक्टरकडे न्यायची घाई करावी का?

करा घाई. तुम्ही लिहिलंय की ६८ व्या वर्षी सासरे एकच गोष्ट चार-चार वेळा विचारतात आणि मोठे दीर 'वय झालं' म्हणून विषय मिटवतात. माझा दादाही हेच म्हणायचा, म्हणून लिहायला बसले.

माझे बाबा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत उभ्या उभ्या तोंडी हिशोब करणारा माणूस. निवृत्तीनंतरही रोज रात्री खिशातली चिल्लर काढून नाण्यांच्या चवडी लावायचे. २०१७ च्या पावसाळ्यात मिरजेच्या बाजारात आम्ही मेथीची जुडी घेतली. बाईने पंधरा रुपये सांगितले. बाबांनी तळहातावर नाणी पसरली, बराच वेळ बघत राहिले आणि हात तिच्यापुढे करून म्हणाले, "तूच घे गं तुझे." तिने बरोबर पंधरा उचलले. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

दादाला पुण्याला फोन केला. "अगं, ७१ चे झाले ते. बापाला वेडा ठरवू नकोस." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. त्यात दोन वर्षं गेली.

२०१९ मध्ये मी एकटीच त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कोरा कागद दिला, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. गाडी सुटायच्या वेळेवर ज्यांचा जन्म गेला, त्यांनी बाराही आकडे उजव्या बाजूला कोंबले. काटे काढलेच नाहीत. पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "कंट्रोलरला विचारा."

व्हिटॅमिन बी-१२ खूप कमी निघालं. इंजेक्शनांनी थोडा फरक पडला, पण एमआरआय आणि बाकीच्या तपासण्यांनंतर निदान अल्झायमरचंच झालं, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू नेणाऱ्या मेंदूच्या आजाराचं. त्यावरच्या डोनेपेझिल नावाच्या गोळ्या सुरू केल्या.

दादा अजून म्हणतो, "आधी नेलं असतं तरी बरे थोडेच झाले असते?" नसते झाले. या गोळ्या काही काळ सावरतात, आजार मुळापासून जात नाही. पण बी-१२, थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर मेंदूभोवती साचलेलं रक्त, यांनीही असाच विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. ते न तपासता 'वय' म्हणणारे आपण कोण?

आणि खुद्द बाबांना विचारता आलं असतं. कुठे राहायचंय, जमिनीचं काय करायचं, शेवटी नळ्या लावायच्या की नाही, हे २०१७ मध्ये ते स्वतः सांगू शकत होते. पुढे सही जुळेना, बँकेने पैसे अडवले. दादा कुलमुखत्यारपत्र (बाबांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद) करायला निघाला, तर वकील म्हणाले, देणाऱ्यालाच समजत नसेल तर ते करता येत नाही, आणि आधी केलेलंही समज गेल्यावर टिकत नाही. मृत्युपत्र, जोडखातं, नॉमिनी हे सगळं समज शाबूत असतानाच करायचं असतं. दादाने मग त्यांना न विचारता पुण्याला सातव्या मजल्यावर नेलं. रात्री दोनला दार उघडून स्टँड कुठे म्हणून विचारायचे. तीन महिन्यांत मिरजेला परत आणले.

तुमचं म्हणाल तर न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोन्ही चालतील. काय काय घडलं ते तारखेसह लिहून न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्यासुद्धा. कानही तपासून घ्या, कमी ऐकू येण्याचा याच्याशी संबंध आहे. मी डॉक्टर नाही, आणि चष्मा कुठे ठेवला हे विसरणं म्हणजे लगेच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हे. तुमच्या सासऱ्यांचं कारण साधंही निघेल.

पण दिरांना सोबत न्याच. बाहेर बाकड्यावर नको, आत डॉक्टरांसमोर बसवा. घड्याळाचा तो कागद माझ्या फाईलमध्ये आहे. दादाने अजून तो बघायला मागितलेला नाही.