गॅसची बटणं मेणचट झालीत? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, आमची तीन बर्नरची स्टीलची शेगडी आहे. ओटा रोज पुसते, शेगडी रोज पुसते, पण बटणं कायम मेणचट. बोट लावलं की चिकटतं आणि खालच्या कडेला काळा राप बसलाय तो हलतच नाही. सासूबाई म्हणतात बटणं उपसायची नाहीत, गॅस लीक होतो. खरंय का?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सासूबाईंची भीती अगदीच उगाच नाहीये, पण नुसतं बटण काढल्याने गॅस लीक होत नाही. गॅस अडवतो तो आतला कॉक, बटण त्याच्या दांडीवर नुसतं खोचलेलं असतं. धोका असतो तो काढताना. बटण हिसडलं आणि दांडी दाबून फिरली तर गॅस सुरू होतो आणि बर्नर पेटलेला नसल्यामुळे लगेच लक्षातही येत नाही. म्हणून आधी रेग्युलेटर बंद करा (पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक पाइपला आडवा), शेगडी पूर्ण गार होऊ द्या, मग बटण बंदवरच ठेवून सरळ आपल्याकडे ओढा. बहुतेक शेगड्यांची अशीच निघतात. तुमचं ओढून अजिबात हललं नाही तर आधी शेगडीसोबत आलेलं पुस्तक बघा, काही बटणांना स्क्रू असतो.

आता चिकटपणाचं. फोडणी घातली, पुऱ्या तळल्या की तेलाचे बारीक कण उडतात आणि बटणांवर बसतात, मग गरम हवेत ते वाळत वाळत घट्ट होतात, म्हणजे ते आता तेल राहिलेलंच नसतं, व्हार्निशसारखा थर झालेला असतो, म्हणून ओल्या फडक्याने कितीही पुसा तो जागचा हलत नाही, वरचा ताजा तेवढा पसरतो. इथे जोर कामाचा नाही, भिजवणं कामाचं. पसरट भांड्यात कोमट पाणी, भांडी घासायचा लिक्विड सोप, चमचाभर खायचा सोडा, आणि त्यात बटणं १५-२० मिनिटं. उकळतं पाणी घेऊ नका हां, प्लास्टिकची बटणं वाकडी होतात आणि चकचकीत मुलामा सुटायला लागतो. मग जुना टूथब्रश घेऊन कडा, खाचा आणि मागचं भोक घासा. तारेची घासणी नको, बंद-चालूच्या खुणा पुसल्या जातात आणि मग घरात आलेला पाहुणा अंदाजाने गॅस फिरवत बसतो!

काही बटणांच्या मागच्या भोकात स्टीलची बारीकशी पट्टी असते. ती निसटली की सिंकमधून थेट गटारात, आणि मग बटण दांडीवर ढिलं फिरतं. म्हणून पीठ चाळायच्या चाळणीत धरून धुवा.

वाळवण्याची घाई करू नका. भोकात पाणी राहिलं तर दांडी गंजू शकते. सुती फडक्यावर पालथी टाका, दुपारी धुतली तर रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत वाळतात. तोवर शेगडीवरची जागा घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून घ्या, दांडीपाशी पाणी ओतायचं नाही. बटणं ज्याची त्याला लावा, रेग्युलेटर उघडा, एकेक बर्नर पेटवून बंद करून बघा. बंदवर आणल्यावर जाळ पूर्ण विझला की झालं. महिन्यातून एकदा पुरतं, तळण जास्त असेल तर पंधरा दिवसांनी.

प्रश्न : आमच्याकडे रविवारी चिकन ठरलेलं. करोनापासून मला सवय लागलीय, स्वयंपाक झाला की लगेच बटणांवर सॅनिटायझरचा स्प्रे मारते. चालतं ना?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, आणि हे जरा ओरडूनच सांगते. हाताच्या सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल असतं, ते भसकन पेट घेतं. शेगडी तापलेली, शेजारच्या बर्नरवर भात शिजतोय आणि तुम्ही स्प्रे मारताय, हे डोळ्यांसमोर आणून बघा. शेगडीजवळ अल्कोहोलचा स्प्रे नकोच.

आणि एवढं करून उपयोगही कमीच. तेलाच्या थरावर मारलेलं जंतुनाशक खालपर्यंत पोचतच नाही. आधी साबण, मग हवं असेल तर जंतुनाशक, उलटं नाही. रोजच्या भाजी-पोळीच्या स्वयंपाकाला तर साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं आणि मागून साध्या पाण्याचं, बास.

तुमच्या चिकनच्या दिवशी मात्र खरं लक्ष हाताकडे हवं. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असू शकतात. चिकनला मसाला चोळता चोळता कुकरची शिट्टी होते, आपण त्याच हाताने गॅस बारीक करतो, नंतर हात स्वच्छ धुतो पण बटण कोण धुतंय? मग कोशिंबीर करताना पुन्हा तेच बटण. शिजलेल्या रश्श्यातले जंतू मरतात हो, कोशिंबिरीतले कसे मरणार? तर कुकर उतरवल्याशिवाय चिकनला हात लावू नका, नाहीतर सरळ कोणाला तरी हाक मारा, 'अहो, जरा गॅस बारीक करा'. तेवढं काम घरातल्या कोणालाही जमतं.

तरीही हात लागलाच तर बटण साबणाने पुसून घ्या, मग ब्लीचच्या पाण्याने. साध्या ५ टक्क्यांच्या आसपासच्या घरगुती ब्लीचचे ४ छोटे चमचे एक लिटर गार पाण्यात, फडकं बुडवून पिळून घ्या, बटण मिनिटभर ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर तेच धरा. खिडकी उघडी ठेवा. धातूच्या बटणांना ब्लीचने डाग पडतात, त्यांना साबणच बरा. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : काचेच्या शेगडीचं एक बटण निघतच नाही. मिस्टर म्हणतात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू.
- एक वाचक, नाशिक

उत्तर : मिस्टरांना थांबवा आधी. ही काच वरून टणक असली तरी कडेला टवका उडाला तर अख्खी फुटू शकते. सुती कापडाची लांब पट्टी किंवा जाड दोरा बटणाच्या मागून गुंडाळा, दोन्ही टोकं हातात धरून सरळ वर ओढा. तरीही नाही आलं तर मेकॅनिकला बोलवा. तुमची शेगडी ऑटो इग्निशनची असेल तर बटणांवर थेट स्प्रे कशाचाच नको, पाणी खाली उतरलं की ठिणगी पडत नाही. दूध उतू गेल्यावर 'गॅस पेटत नाही' म्हणणाऱ्यांचंही बरेचदा हेच झालेलं असतं.

प्रश्न : आम्ही चौघं रूमवर राहतो, बटणं काळीकुट्ट झालीत. व्हिडिओत सोडा, व्हिनेगर आणि लिंबू एकत्र टाकलं की मस्त फेस येतो. करू का?
- रूमवरची पोरं, पुणे

उत्तर : फेस बघायला करा! आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि भांड्यात उरतं जवळपास खारट पाणी. तेलकट थराला सोडा आणि साबण. पाण्याचे पांढरे क्षारांचे डाग असतील तर व्हिनेगर, पण वेगळ्या वेळी. थर जुना असेल तर दोनतीनदा भिजवावं लागेल. आणि चौघांपैकी ज्याने काल ऑम्लेट केलं त्याच्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : बटणं धुऊन लावली पण एक फारच घट्ट फिरतंय. खोबरेल तेल सोडू का आत?
- एक वाचक, लातूर

उत्तर : नको. कॉकमध्ये उष्णता सोसणारं खास ग्रीस असतं, ते सुकलं की बटण घट्ट होतं. खोबरेल तिथे टिकत नाही, त्यावर कचरा तेवढा धरतो. कॉक घरी उघडायचा नाही, तिथेच गॅस अडतो. मेकॅनिककडून साफ करून ग्रीस भरून घ्या, आणि तोवर पक्कड लावून तर फिरवूच नका, दांडी तुटली तर शेगडीवरून गॅस बंदच करता येणार नाही. दुरुस्त होईपर्यंत तो बर्नर वापरू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करा. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठीचा नंबर आहे तो, दिवसरात्र चालू असतो.