तहज्जुदला उठता, पण बहिणींच्या वाट्याचं काय?

*आपा, अस्सलामु अलैकुम. वय ४६. वडील जाऊन वर्ष झालं. त्यांना कबरीत उतरवलं तेव्हापासून आखिरतची (मरणानंतरच्या हिशोबाची) भीती मनात बसली आहे. वीसेक वर्षं जुमा (शुक्रवारची नमाज) सोडला तर मी नमाज पढलीच नव्हती. आता पाचही वेळा पढतो, तहज्जुदला (मध्यरात्रीनंतरच्या ऐच्छिक नमाजीला) उठतो. धंद्यात लक्ष नाही, सगळं सोडून इबादतीतच राहावंसं वाटतं. बायको म्हणते, तुम्ही घरात असून नसल्यासारखे. मशिदीत रडू येतं आणि घरी आलो की मन कोरडं. मी मुनाफिक (वरून ईमानदार, आतून नाही असा ढोंगी) तर नाही ना? वडिलांचं घर आम्हा दोघा भावांच्या नावावर झालं, दोघी बहिणींनी काही मागितलं नाही, आई माझ्याजवळच आहे, त्यामुळे तिकडची चिंता नाही. पण सुटलेल्या नमाजांचं काय? आखिरतची तयारी कशी करू?*

वालैकुम सलाम, भाऊ.

"तिकडची चिंता नाही" असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मी अडकले. पण तुम्ही जे विचारलंय ते आधी.

मुनाफिक असण्याची हीच शंका पैगंबरांचे साथीदार हजरत हंजला यांना आली होती. रसूलुल्लाह ﷺ (हुजूर, म्हणजे पैगंबर मुहम्मद) यांच्याजवळ बसलं की जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसायची आणि घरी बायकामुलांत गेलं की विसर पडायचा. हे त्यांनी हजरत अबू बक्र (पुढे पहिले खलिफा) यांना सांगितलं, तर ते म्हणाले, माझंही असंच होतं. दोघं मिळून हुजूरांकडे गेले. उत्तर मिळालं की कायम त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते वाटेत थांबून तुमच्याशी हात मिळवतील. पण हंजला, काही वेळ याचा, काही वेळ त्याचा. अबू बक्र यांचं मन घरी गेल्यावर निवांत होत असेल, तर तुमचं होणारच.

बायकोचं गाऱ्हाणंही जुनंच आहे. आणखी एक साथीदार हजरत अबू दर्दा दिवसा रोजा धरायचे, रात्रभर नमाजीत उभे राहायचे, घराकडे लक्ष नव्हतं. त्यांचे मित्र सलमान फारसी यांनी त्यांना जेवायला बसवलं, रात्री झोपायला लावलं आणि बजावलं की रबचा तुझ्यावर हक्क आहे, तसा तुझ्या शरीराचा आणि घरच्यांचाही आहे. हुजूर म्हणाले, सलमान खरं बोलला. तेव्हा धंदा सोडू नका. हलाल कमाईतून घर चालवणं ही तुमची जबाबदारी आहे, इबादतीतली अडचण नव्हे.

कजा (सुटलेल्या) नमाजांचा अंदाजे हिशोब वहीत मांडा आणि रोजच्या प्रत्येक फर्ज (अनिवार्य) नमाजीसोबत एक कजा पढा. वर्षं लागतील, लागू देत. अल्लाहला नियमित अमल (कृती) आवडतो, थोडा असला तरी, असं हुजूरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये) आहे. आणि सूरह जुमरची ५३वी आयत वाचा, ती निराश झालेल्यांसाठीच आहे. (छाती धडधडून महिनोन्‌महिने झोपच येत नसेल तर डॉक्टरांकडेही जा. त्याने ईमान कमी होत नाही.)

आता घराचं. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात एक हदीस (हुजूरांचं वचन) आहे. हुजूरांनी विचारलं, मुफलिस (कंगाल) कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही तो. हुजूर म्हणाले, माझ्या उम्मतचा मुफलिस तो, जो कयामतला नमाज, रोजे, जकात घेऊन येईल; पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्या तर त्यांचे गुनाह याच्या डोक्यावर. तुमची तहज्जुद कुणाच्या खात्यात जमा होतेय, बघा.

वडिलांचे आईवडील हयात नाहीत असं धरते. सूरह निसाच्या आयत ११ आणि १२ प्रमाणे कर्ज आणि वसियत (मृत्युपत्राने दिलेलं) वजा जाता पत्नीला आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. घराचे ४८ भाग केले तर आईचे ६, तुम्हा भावांचे प्रत्येकी १४, बहिणींचे प्रत्येकी ७. घर दोघांत निम्मं झालं असेल तर आज तुमच्याकडे २४ भाग आहेत. त्यातले १० तुमचे नाहीत. वडिलांनी आईचा मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम) दिला नसेल, तर ते त्यांच्यावरचं कर्ज. वाटणीच्या आधी तो चुकता व्हायला हवा. आई तुमच्याजवळ राहते, तुम्ही तिला सांभाळता, म्हणून तिचे ६ भाग तुमचे होत नाहीत.

बहिणींनी मागितलं नाही, हे मान्य. भावाशी तुटेल, माहेर बंद होईल, या धाकाने किती जणी गप्प बसतात, तुम्हालाही ठाऊक असेल. ते गप्प राहणं म्हणजे रजामंदी नव्हे. आपला वाटा किती हे कळल्यावर, तो हातात आल्यावर, एखादीने खुशीने परत दिला तर गोष्ट वेगळी. तौबा करताना गुनाह सोडणं, पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा इरादा या तीन शर्ती पुरतात, पण बंद्याचा हक्क बुडवला असेल तर चौथी लागते: तो परत करणं. हे कितीही रात्री रडून भागत नाही.

तेव्हा घराचे कागद घेऊन मुफ्तींना भेटा, हिशोब लिहून घ्या, भावालाही न्या. तो तयार झाला नाही तरी तुमच्याकडचे १० भाग तुम्ही देऊ शकता. बहिणींना फोनवर "तुम्हाला हवाय का?" असं विचारू नका, त्यावर "नको"च येणार. आकडा लिहिलेला कागद घेऊन त्यांच्या घरी जा आणि कधी, कसं देणार ते सांगा. घर विकायचं नसेल तर किंमत ठरवून हप्त्यांनी द्या, फक्त त्यांना मान्य हवं. आणि ते फिटेपर्यंत वसियतनाम्यात ही रक्कम 'देणं' म्हणून नोंदवून ठेवा. वसियत एक तृतीयांशापर्यंतच चालते, देण्याला ती मर्यादा नाही. ते आधी फिटतं. उद्या तुम्ही नसलात तर तुमच्या मुलांना ठाऊक हवं की आत्यांचं किती बाकी आहे.