घर लोहगावात, दाखला ग्रामपंचायतीचा

प्रश्न : २०१४ मध्ये लोहगावात शेतीच्या गटातले दोन गुंठे घेतले. २०१६ मध्ये ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला काढून घर बांधलं. घरपट्टी कधी थकवली नाही. आता महापालिकेची कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढण्याची, नोटीस आली आहे. शेजारच्या वडगाव शिंदेत मेहुण्यांनी ग्रामपंचायतीच्याच परवानगीवर गावठाणात घर बांधलं, त्यांना कोणी विचारत नाही. असं का?

उत्तर : तुम्ही पाठवलेला दाखला नीट वाचला. गोल शिक्का, सरपंचांची सही आणि एकच ओळ : ‘घर बांधण्यास हरकत नाही.’ नकाशा नाही, गट क्रमांकही नाही. अशा कागदावर आयुष्यभराची कमाई लावलेली माणसं मी रोज पाहतो, आणि दरवेळी वाईट वाटतं.

फरक शहर आणि खेड्याचा वाटतो, पण तो आधी गावठाणाच्या रेषेचा आहे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ खालचा परवानगीचा अधिकार गावठाणापुरता. मेहुण्यांचं घर त्या रेषेच्या आत आहे, तुमचं बाहेर. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्येच स्थापन झालं होतं, त्यामुळे २०१६ मध्ये तुमच्या गटासाठी परवानगी तिथून घ्यायला हवी होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यात लोहगाव होतं. वडगाव शिंदे बाहेर राहिलं. म्हणजे महापालिका आली म्हणून घर अनधिकृत झालेलं नाही. ते आधीपासूनच होतं, विचारणारं कार्यालय फक्त जवळ आलं. (मेहुण्यांनाही सांगा, मंजूर नकाशा हाताशी ठेवा. नुसत्या दाखल्यावर त्यांनीही निर्धास्त राहू नये.)

आता नोटिशीचं. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार, नोटिशीत दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो. त्याचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. ही मुदत चुकवू नका. अर्ज आवक विभागात द्या आणि पोच घ्या. तोंडी भेटीला काही किंमत नाही. खासगी जागेतलं बांधकाम पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात म्हटलं आहे. त्याचा आधार घ्या, पण त्या भरवशावर बसून राहू नका.

माझ्या मते तुमची खरी वाट गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यांनी पाडलेले तुकडे आणि त्यांवरची घरं नियमित करून घेण्याची. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची सोय झाली. तुमची खरेदी आणि बांधकाम दोन्ही त्याआधीची आहेत. इथे ती घरपट्टीची पावती कामाला येईल. ती परवानगी होत नाही, पण २०१६ मध्ये घर उभं होतं हे सांगणारा तिच्याइतका चांगला पुरावा नाही. सोबत महावितरणचं पहिलं बिल, खरेदीखत, सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा. नोंदणीकृत आर्किटेक्टकडून प्रस्ताव करून घ्या. प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठीची रक्कम) आणि विकास शुल्क भरावं लागेल.

त्याआधी दोन गोष्टी तपासा : विकास आराखड्यात जागेवर आरक्षण किंवा रस्ता दाखवला आहे का, आणि विमानतळामुळे हवाई दलाचे निर्बंध लागू होतात का. यातलं काही निघालं तर नियमितीकरण अवघड आहे, आणि ते आर्किटेक्टची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

फोटोत गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया दिसतात. नियमितीकरणाचा दाखला हातात पडेपर्यंत त्यांना हात लावू नका. नोटिशीनंतर ओतलेला एक स्लॅबही खालच्या घराची बाजू पडती करेल.