ससा गाडीपुढून बाजूला का होत नाही?

प्रश्न : परवा रात्री आंबोली घाट उतरताना गाडीपुढे ससा आला. हॉर्न वाजवला तरी रस्ता सोडीना, दिव्यांच्या उजेडातच वेडावाकडा पळत राहिला. शेजारी एवढं रान असताना हे येडं जनावर तिकडे का शिरत नाही?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : येडं नाही हो, आंधळं झालेलं असतं, आणि तेही आपल्याच दिव्यांनी. सशाचे डोळे काळोखाला सरावलेले. झोत पडला की कडेचं रान त्याला काळं ठिक्कर. दिसतो तो पुढचा उजेडाचा पट्टा. त्यात नागमोडी पळण्याची सवय कोल्ह्याला चकवायची, ती गाडीपुढे कुचकामी. गाडी थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न नको. मिनिटभरात तो आपसूक गवतात जातो. मला हे एक ससा चाकाखाली गेल्यावर कळलं.

खवले मांजराचंही तसंच. भ्यालं की अंगाचं वेटोळं करून जागीच बसतं. बिबट्यापुढे ते चालून जातं, ट्रकपुढे नाही. साळिंदर तर काटे फुलवून गाडीकडेच पाठ करतं!

रानउंदरांची गोष्ट निराळी. ते रस्त्यावर फारसे मेलेले दिसत नाहीत, कारण उघड्या डांबरावर पाऊल टाकायलाच बिचकतात. लपायला गवत नाही, वर घुबड टपलेलं. रस्ता रुंद केला की अलीकडचे अलीकडे, पलीकडचे पलीकडे.

पेंचच्या जंगलात महामार्ग ४४ उंच उचलून खालून प्राण्यांसाठी नऊ वाटा ठेवल्या आहेत, ५० ते ७५० मीटर रुंदीच्या. २०१९मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी आले. छापून आले ते वाघाचे फोटो. ससा नि रानमांजरही त्यांत होतं, पण त्यांना कोण विचारतो?

घाटात एवढं कुठून होणार? तिथे कामाला येते ती रस्त्याखालून पाणी जायची साधी मोरी. मी एकदा उन्हाळ्यात मोरीच्या तोंडाशी चुलीची राख चाळून पसरली, तर सकाळी उदमांजराची पावलं उमटलेली. पावसात मोरी भरून वाहते, मग हीच मंडळी वरून जातात. आत कडेला वीतभर कोरडा कट्टा ठेवला तरी पुष्कळ. तोंडाशी थोडी झुडपं हवीत, आणि साफसफाईत नेमकी तीच आधी तोडतात.

गाडी थांबवाल तेव्हा मात्र वळणावर नको. मागून एसटी येते.