नायटिनॉल-स्टील: स्फोटाने जोड बसेल, पण पट्टी ओढेल का?

साकीनाक्याच्या गाळ्यात १ मिमी नायटिनॉलची (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, ताणून तापवला की मूळ आकारात परततो) पट्टी ३०४ स्टेनलेस स्टीलला आर्गन वेल्डिंगने जोडली, तापल्यावर तिने ओढावं म्हणून; थंड होताना टाका चिरला, आता स्फोटक वेल्डिंग करावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी वेल्डरवर चिडू नका. टायटॅनियम आणि लोखंड एकत्र वितळले की काचेसारखी ठिसूळ संयुगं बनतात. अँपियर कमी-जास्त करून ती टळत नाहीत. तेव्हा न वितळवता जोडायचं हा विचार बरोबरच आहे.

स्फोटक वेल्डिंगमध्ये दोन पत्रे थोडं अंतर राखून मांडतात आणि वरच्यावर स्फोटक पसरून एका कडेने उडवतात. वरचा पत्रा सेकंदाला काहीशे मीटर वेगाने, किंचित तिरका, खालच्यावर आपटत जातो. आपटण्याच्या रेषेतून धातूचा फवारा पुढे उडतो आणि ऑक्साइड खरवडून नेतो. मागे कोरा धातू कोऱ्या धातूवर दाबला जातो. जोड कापून पॉलिश केला तर सूक्ष्मदर्शकाखाली लाटा दिसतात, ओहोटीनंतर जुहूच्या वाळूवर उमटतात तशा. आपटण्याची ती रेषा धातूतल्या आवाजाच्या वेगापेक्षा सावकाश सरकायला हवी, म्हणून सेकंदाला साधारण २००० ते ३५०० मीटरचं मंद स्फोटक घेतात. लाटांच्या भोवऱ्यात थोडा धातू वितळतोच, पण ठिसूळ भाग तुटक राहतो, सलग थर होत नाही.

खरी गोची पुढे आहे. धक्क्याने नायटिनॉल कडक होतं, आकार बदलण्याचं तापमान सरकतं. ते ताळ्यावर आणायला ४००-५०० अंशांची भट्टी लागते, आणि तिथे जास्त रेंगाळलात तर जोडात ठिसूळ थर वाढायची भीती. शिवाय ताणलेलं नायटिनॉल तापल्यावर ६-८ टक्के आखडू पाहतं, स्टील मात्र जागचं हलत नाही. पूर्ण पाठ चिकटवलीत तर पट्टी ओढण्याऐवजी वाकेल आणि सगळा ताण जोडावर येईल. तुम्हाला तर ओढ हवी आहे!

पेसोचा (स्फोटकांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) परवाना, मोकळं मैदान वगैरे वेगळंच. वर माणसं राहतात त्या गाळ्यात तर विषयच सोडा.

माझं ऐकाल तर फक्त टोकं स्टीलच्या दोन पट्ट्यांत बोल्टने आवळा. वेल्डच हवा असेल तर मध्ये निकेलची पातळ पट्टी ठेवून लेझरने करा, चिरण्याचा धोका कमी होतो. बोल्टसाठी ड्रिल मारत बसू नका, बिटं जळतील. कडेने खाच वायरकटवर (विजेच्या ठिणग्यांनी बारीक तारेने कापणारं यंत्र) कापून घ्या.