मनी हाइस्टमधली मारिया पेद्रासा खरंच आधी डान्सर होती का? अ‍ॅक्टिंगमध्ये कशी आली?

हो, खरंच. १९९६ चा जन्म, माद्रिदची, आणि तिथल्याच मारिएम्मा कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे नृत्यशाळेत, क्लासिकल बॅले शिकलीय, म्हणजे हौशी क्लास नाही, रीतसर शिक्षण. अ‍ॅक्टिंगचं म्हणाल तर एस्तेबान क्रेस्पो नावाच्या डिरेक्टरनी तिचे इन्स्टाग्रामवरचे फोटो बघितले आणि थेट 'आमार' (२०१७) या सिनेमात लीड रोल दिला. मग त्याच वर्षी मनी हाइस्टमधली अ‍ॅलिसन पार्कर, ब्रिटिश अँबॅसडरची मुलगी, आणि २०१८ ला एलिट सिरीजमधली मरीना, त्यानंतर टॉय बॉय सिरीजमध्ये वकील.

पण तुम्हाला तिचं डान्सचं ट्रेनिंग बघायचं असेल ना तर २०२२ चा 'लास निन्यास दे क्रिस्ताल' हा सिनेमा बघा, नेटफ्लिक्सवर 'डान्सिंग ऑन ग्लास' नावानी आला होता. त्यात ती बॅले कंपनीतली इरेने आहे, जिला अचानक 'जिझेल' या बॅलेतला मेन रोल मिळतो आणि त्या प्रेशरमध्ये ती पार पिचून जाते. स्टोरी मधेमधे ढिली पडते, पण तिची पाठ, मान, हात बघा, असं उभं राहणं दोन महिन्यांच्या वर्कशॉपनी येत नाही हो, लहान वयापासून बॅलेच्या सरावाचा दांडा धरून घाम गाळावा लागतो. मला तरी मरीनापेक्षा हाच रोल जास्त आवडला.